क्लबात जावं ते सकाळी

१४ फेब्रुवारी १९१६. सिडनीच्या नैऋत्येला कॅस्युला आणि लिव्हरपूल इथे ऑस्ट्रेलियन फौजेच्या छावण्या होत्या. कवायतीचे तास वाढवले म्हणून तिथले हजारो रंगरूट बिथरले. छावणी सोडून ते लिव्हरपूल गावात घुसले, गुत्ते फोडले, पिपं रिकामी केली आणि मिळेल त्या गाडीने सिडनी गाठून शहरात धुडगूस घातला. रात्री सेंट्रल स्टेशनवर गोळीबार झाला, त्यात एक सैनिक मारला गेला. दारूबंदीवाली मंडळी त्याआधीपासून कंठशोष करत होती की गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करा. या दंग्याने त्यांचं काम सोपं केलं. जून १९१६ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी सहाच्या बाजूने कौल दिला.

त्याच जून महिन्यात तिकडे ब्रिस्बेनमध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या निरनिराळ्या संघटना एकत्र बसल्या आणि त्यांनी एक देशव्यापी संस्था काढली. पुढे तिचं नाव अनेकदा बदललं. आज ती ‘रिटर्न्ड अँड सर्व्हिसेस लीग’ म्हणून ओळखली जाते, बोलताना नुसतं ‘आरएसएल’. म्हणजे शिपाई प्यायले म्हणून गुत्त्यांना सहाला कुलूप लागलं, आणि ज्यांच्या क्लबात पुढची शंभर वर्षं बिअर वाहणार होती त्या संस्थेचा जन्मही तेव्हाच झाला. ऑस्ट्रेलियातल्या माजी सैनिकांच्या क्लबात न पिता कसं रमावं, हे सांगायला बसल्यावर हा योगायोग मला फार सोयीचा वाटतो. दारू आणि फौजी यांचं त्या देशातलं नातं पहिल्यापासूनच असं भांडणाचं आणि गळामिठीचं आहे.

सहाच्या कुलपाने दारू कमी झाली का? उलटंच झालं. पाचला कारखाना सुटायचा, सहाला बार बंद. त्या एका तासात पुरुष मिळेल तेवढी बिअर घशाखाली ओतायचे. बसून, गप्पा मारत, चवीने पिण्याची सवयच मोडली. खुर्च्या गेल्या, भिंतींना टाइल्स आल्या, म्हणजे नंतर पाणी मारून धुता यावं. न्यू साउथ वेल्समध्ये हा प्रकार १९५५ पर्यंत चालला, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत. उभ्याने आणि घाईने पिण्याचा हा वारसा घेऊन दोन महायुद्धांचे शिपाई आपापल्या क्लबात आले. तिथे निदान खुर्ची होती, आणि शेजारी बसलेला माणूस न सांगता समजून घेणारा होता.

हा क्लब नेमका काय असतो ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरून पाहिलं तर तो एखाद्या मध्यम हॉटेलासारखा दिसतो. आत बिस्ट्रो, बार, बहुतेक ठिकाणी एक चिनी रेस्टॉरंट, बिलियर्डचं टेबल, एक सभागृह, कुठे हिरवळीवरच्या ‘बोल्स’चं मैदान. सिडनीच्या उपनगरांतल्या काही क्लबांना तर व्यायामशाळा आणि पोहण्याचे तलावही आहेत. पण न्यू साउथ वेल्समध्ये कागदोपत्री इथे दोन वेगळ्या संस्था नांदतात. एक माजी सैनिकांची शाखा: पेन्शनचे अर्ज, आजारी सभासदाला भेट, अंत्यविधीला हजेरी, स्मृतिदिनाची तयारी ही कामं तिची. दुसरा नोंदणीकृत क्लब, ज्याचे बहुसंख्य सभासद कधी गणवेशात नव्हते. ते जेवायला, खेळायला, नातवाचा वाढदिवस करायला येतात. इमारत चालते ती या दुसऱ्याच्या कमाईवर, आणि ती कमाई बिअरपेक्षाही जास्त मशिनांची. त्या राज्याने १९५६ साली क्लबांना ‘पोकी’ म्हणजे जुगाराची यंत्रं ठेवायला कायद्याने परवानगी दिली. आज तिथे क्लब आणि हॉटेलं मिळून अशी ८० हजारांहून जास्त यंत्रं आहेत.

म्हणून मी न पिणाऱ्याला पहिली सूचना दारूची देत नाही, वेळेची देतो. संध्याकाळी गेलात तर तुम्हाला बार आणि पोकी दिसतील. सकाळी दहाला गेलात तर क्लब दिसेल.

हे मला कळलं ते माझ्या मामांमुळे. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गाव सातारा जिल्ह्यातलं, गळ्यात तुळशीची माळ. पलटणीत असतानाही त्यांचा रमचा वाटा दुसऱ्याच्या मगात जायचा आणि आता कॅन्टीन कार्डावरच्या कोट्यावर भावकीतल्या अनेकांचा डोळा असतो. मुलीकडे सिडनीला गेले की दिवस त्यांना खायला उठतो. जावई नि मुलगी कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर माणूस नाही. मी तेव्हा तिकडेच होतो. म्हटलं, मामा, चला, इथल्या फौजींचा अड्डा दाखवतो. त्यांचा पहिला प्रश्न, “अड्डा म्हणजे दारूचाच ना रे?” होता म्हणजे होताच.

दारात पाहुण्यांची नोंद करावी लागते. ओळखपत्र दाखवायचं, नाव-पत्ता लिहायचा किंवा यंत्राला वाचू द्यायचा. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ ठेवलेला बरा. आणि डोकं उघडं: मेलेल्या साथीदारांचा मान म्हणून क्लबात टोपी घालून बसायचं नाही, हा जुना रिवाज अनेक ठिकाणी अजून पाळतात. पगडी किंवा धर्माचा भाग असलेलं शिरोवस्त्र चालतं. मामांची गांधी टोपी कुठल्या गटात बसते यावर दारातला माणूस जरा अडखळला. मामांनीच कारण विचारलं, आणि ऐकल्यावर टोपी काढून घडी करून खिशात ठेवली. मेसमध्ये आपल्याकडेही हेच, म्हणाले.

आता पेल्याविषयी. लाजण्याचं कारण उरलेलं नाही, इतकी सोय आहे. कॉफी उत्तम मिळते, कारण ऑस्ट्रेलियन माणूस बिअरइतकाच कॉफीबद्दलही हट्टी आहे. क्वीन्सलँडची बंडाबर्ग जिंजर बिअर नावाने बिअर असली तरी आल्याचं पेय आहे. सोडा आणि लिंबाचा अर्क हे सगळ्यात स्वस्त. साधं पाणी तर न्यू साउथ वेल्समध्ये जागेवर दारू प्यायला देणाऱ्या प्रत्येक ठिकाणाने फुकट द्यायलाच हवं, असा नियम आहे. २०१८ मध्ये कार्ल्टन झीरो बाजारात आली आणि बिनदारूच्या बिअरला बारमध्ये मान मिळाला. पूर्वी ती मागणाऱ्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहायचे. पण कडक पथ्य असणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की ‘बिनदारू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात अर्धा टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो.

त्याहून फसवं आहे ते ‘लेमन, लाइम अँड बिटर्स’. न पिणाऱ्याने मागायचं पेय म्हणून ते तिथे सर्वमान्य आहे. वाहन चालवणारे, गरोदर बायका, लहान मुलंसुद्धा ते पितात. त्याला गुलाबी झाक येते ती अँगोस्टुरा बिटर्सच्या चार-सहा थेंबांनी, आणि त्या बाटलीत ४४.७ टक्के मद्यार्क असतो. ग्लासभर पेयात तो नगण्य होतो हे खरं, पण माळकऱ्याला किंवा दारू सोडून नुकताच सावरणाऱ्याला नगण्य म्हणून चालत नाही. गंमत अशी की हा अर्कही फौजीच. सिमॉन बोलिव्हारच्या सैन्यातल्या योहान सिगर्ट या जर्मन डॉक्टरने तो व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी १८२४ साली बनवला. मामांनी ही हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि चहा मागवला.

खरी अडचण पेल्यात नसते, ‘शाउट’मध्ये असते. चारजण बसले की प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं आणायची, ही तिथली रीत. कोणाचे पैसे किती झाले हे मोजायचं नसतं, पण कोणाची पाळी चुकली हे मात्र सगळ्यांच्या लक्षात असतं. न पिणारे इथे दोन चुका करतात. काही जण पाळीतून अंग काढून घेतात, म्हणजे आपोआप टेबलातून बाहेर पडतात. काही जण स्वतःचा सोडा घेऊन दुसऱ्यांच्या तीन बिअरचे पैसे भरतात आणि मनात कुढतात. पाळी घ्यावी, आपला सोडा त्यात मोकळेपणाने मागावा, आणि दोन पाळ्यांनंतर उठून खेळाकडे जावं हे बरं. ‘गाडी मला चालवायचीय’ हे वाक्य तर त्या देशात ब्रह्मास्त्र आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ च्या डिसेंबरपासून पोलिस कुठल्याही चालकाला थांबवून श्वास तपासतात. तेव्हापासून प्रत्येक टोळक्यात एक न पिणारा लागतोच आणि त्याला आग्रह कोणी करत नाही. काही क्लब अशा चालकाला थंड पेय फुकट देतात.

मामांना मात्र यातल्या कशाचीच गरज पडली नाही, कारण आम्ही सकाळी गेलो होतो. शाखेचा चहा चालू होता. जाम आणि क्रीम लावलेले स्कोन, नारळात घोळवलेले लॅमिंग्टन, मोठ्या किटलीतला चहा. बिअरचा ग्लास टेबलावर नव्हताच. एका टेबलाशी पेन्शनचे कागद घेऊन एक स्वयंसेवक बसलेला, त्याच्यासमोर रांग. कागद सरकारकडून परत आल्याची तक्रार तिथेही अगदी आपल्याच सुरात होते. व्हिएतनामला गेलेले दोघे-तिघे होते. साठ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन त्या युद्धात गेले. परतल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना या क्लबात थंड वागणूक मिळाली होती, ‘तुमचं ते काय युद्ध’ असं आधीच्या युद्धातल्यांनी ऐकवलं होतं. सिडनीत त्यांचं जाहीर स्वागत-संचलन झालं ते १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये. आज तेच क्लबातले ज्येष्ठ आहेत. मामा १९७१ च्या लढाईबद्दल बोलले, व्हिएतनामवाले भाताच्या खाचरांबद्दल. मधे भाषा तुटपुंजी होती. पायाला चिखलात होणाऱ्या जखमांचं वर्णन हातवाऱ्यांनी छान होतं.

शुक्रवारी संध्याकाळीही एकदा गेलो, ‘मीट रॅफल’ पाहायला. दोन-तीन डॉलरची तिकिटं, माइकवर एक खणखणीत आवाज, आणि बक्षीस म्हणजे मांसाचा ट्रे: सॉसेजेस, कटलेटं, मटणाची तंगडी. पैसे बहुधा स्थानिक क्रीडासंघाला किंवा सेवाकार्याला जातात. मामांनी देणगी म्हणून तिकीट घेतलं आणि विठ्ठलाकडे नंबर न लागण्याची प्रार्थना केली. ती ऐकली गेली.

त्याच संध्याकाळी सहा वाजता एकदम सगळं थांबलं. हे बहुतेक आरएसएल क्लबांमध्ये रोज होतं. दिवे मंद होतात, स्मृतिज्योतीवर प्रकाश पडतो, लोक हातातला घास, पत्ते, ग्लास खाली ठेवून उभे राहतात. लॉरेन्स बिन्यन यांच्या १९१४ च्या कवितेतलं एक कडवं म्हटलं जातं, सगळे शेवटचे शब्द पुटपुटतात, मिनिटभर शांतता, आणि मग पुन्हा गलका. ज्या घटकेला एकेकाळी कायद्याने बार बंद व्हायचे त्याच घटकेला आता बारमधला नळ आपणहून थांबतो. बिन्यन सैनिक नव्हते. ते ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य चित्रांचे जाणकार होते. मुघल चित्रकारांवर त्यांनी लिहिलं आणि १९३२ मध्ये अकबराचं छोटं चरित्रही. न पिणाऱ्याने क्लबात संध्याकाळी जायचंच असेल तर पावणेसहाला जावं. आठनंतर टेबलावरचे विनोद पुन्हापुन्हा येऊ लागतात आणि शुद्धीत असलेल्याला ते सगळे पाठ होतात.

इथवर मी हलक्या सुरात लिहिलं, पण माजी सैनिकांच्या दारूचा विषय हलका नाही. १९९७ ते २०२१ या काळात ऑस्ट्रेलियात सेवेतल्या आणि माजी मिळून किमान १,६७७ सैनिकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला, त्यात १२२ शिफारशी आहेत. एका कारणावर बोट ठेवता येत नाही, पण गणवेश उतरल्यावर येणारं तुटलेपण त्यात ठळक आहे. आणि तुटलेल्या माणसाला माणसं जिथे भेटणार तिथे दारूही भेटणार, ही क्लबाची जुनी अडचण. दारू सोडलेल्या माजी सैनिकापुढे त्यामुळे विचित्र पेच उभा राहतो: पेला टाळायचा तर मित्र टाळावे लागतात. तिथल्या माजी सैनिक खात्याने ‘द राइट मिक्स’ नावाचा कार्यक्रम काढला तो खास याच गटासाठी. ‘ओपन आर्म्स’ ही समुपदेशन सेवा मूळ व्हिएतनामच्या सैनिकांसाठी १९८२ मध्ये सुरू झाली होती, आता सगळ्यांसाठी आणि कुटुंबांसाठीही आहे. आरएसएलच्या क्वीन्सलँड शाखेने २०१३ मध्ये ‘मेट्स फॉर मेट्स’ सुरू केलं. तिथे लोक जमतात ते व्यायामाला, चित्रकलेला, कॉफीला. सुतारकामाच्या ‘मेन्स शेड’ही आहेत. तिथे रंधा चालवता चालवता माणसं जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत.

बारशिवाय फौजींना एकत्र आणण्याची ही कल्पना नवी मात्र नाही. बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीमागे पॉपरिंगं नावाचं गाव आहे. फौजींनी गजबजलेलं, गुत्ते आणि बाकीचे धंदे जोरात. तिथे डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या लठ्ठ, विनोदी पाद्र्याने एका व्यापाऱ्याचं घर भाड्याने घेऊन ‘टॅलबट हाउस’ उघडलं. आत दारू नाही, आणि हुद्दाही नाही. अधिकारी आणि शिपाई एकाच टेबलावर चहा प्यायचे, आणि हुद्दा बाहेर ठेवा असं सांगणारी पाटी दारावर होती. बाग होती, पियानो होता, माळ्यावर प्रार्थनेची खोली होती. ग्रंथालयाची अनामत म्हणजे डोक्यावरची टोपी! टोपीशिवाय बाहेर पडणं हा गुन्हा, म्हणून पुस्तक परत यायचंच. १९१७ साली ऑस्ट्रेलियन पलटणी त्याच आघाडीवर लढत होत्या. युद्धानंतर यातून ‘टॉक एच’ ही चळवळ निघाली, ती ऑस्ट्रेलियातही रुजली. ते घर अजून आहे आणि येणाऱ्याला अजून चहा मिळतो. क्लेटननी लोकांना दारू सोडा असं सांगितलं नाही, करायला दुसरं काहीतरी दिलं. क्लब चालवणाऱ्यांनी हे एवढं जरी उचललं तरी पुष्कळ.

२५ एप्रिल, म्हणजे अँझॅक दिन, ही न पिणाऱ्याची कसोटी. पहाटेच्या अंधारात स्मारकापाशी प्रार्थना, मग ‘गनफायर’ न्याहारी. त्यातल्या कॉफीत किंवा चहात रम घालतात, म्हणून आपला कप किटलीतून थेट घ्यावा. मग संचलन. स्वतःची पदकं डाव्या छातीवर, वाडवडिलांची उजव्या. दुपारनंतर क्लबात पाय ठेवायला जागा नसते आणि बिअरचा पूर येतो. तरी त्या दिवशी ‘टू-अप’ पाहायला मिळतो म्हणून जावंच. एका लाकडी फळीवरून दोन नाणी उडवायची, दोन्ही छापा की दोन्ही काटा यावर पैजा. न्यू साउथ वेल्समध्ये हा जुगार वर्षातले बहुतेक दिवस बेकायदा, या दिवशी मात्र कायदेशीर. आणि ओट, खोबरं, सोनेरी पाक यांचं अँझॅक बिस्किट. यात अंडं नसतं, हे शाकाहाऱ्यांसाठी. ‘अँझॅक’ या नावाला तिथे १९२१ च्या नियमांनी कायद्याचं संरक्षण आहे, मूळ पाककृतीशी फार खेळ केलेला चालत नाही.

अँझॅक दिन ज्या सकाळच्या आठवणीत पाळतात, त्या १९१५ च्या सकाळी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियनांबरोबर भारतीय पहाडी तोफखानाही उतरला होता. डबाबंद मांस आणि दगडी बिस्किटांना कंटाळलेले ऑस्ट्रेलियन सैनिक भारतीय गोटात येऊन त्यांच्या बदल्यात चपात्या घेऊन जायचे. मराठा पलटणींची आणि ऑस्ट्रेलियनांची गाठ पडली ती मेसोपोटेमियात. हिंदुस्थान सरकारच्या मागणीवरून ऑस्ट्रेलियाची एक छोटी विमान तुकडी मुंबईमार्गे बसऱ्याला गेली. टायग्रिस नदीकाठच्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर, म्हणजे तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींबरोबरही, तिचे नऊ मेकॅनिक अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर सगळे एकाच कैदेत गेले. मामांच्या जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. मामांनी हे शाखेच्या सचिवांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आतून नकाशा आणला आणि दोघं बराच वेळ टायग्रिसवर वाकून बसले.

पोकीच्या दालनाबद्दल एकच सांगतो: तिथे दारू न पिणारेही सापडतात. संध्याकाळ रिकामी, हातात पेला नाही, मग बोटं बटणाकडे जातात. शुद्धीत राहूनही माणूस तिथे घर घालवतो. त्या दालनाला वळसा घालून जावं.

आपल्याकडे निवृत्त जवानाला असं बसायला ठिकाण नाही. अधिकाऱ्यांना मोठ्या शहरांत संस्था आणि मेस आहेत. सुभेदार, हवालदार, नाईक भेटतात ते कॅन्टीनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या व्हरांड्यात. मामांचं म्हणणं असं की यातही गप्पा होतातच, फक्त नंबर आला की उठावं लागतं. हे वाक्य त्यांनी मला सचिवांसाठी भाषांतर करून सांगायला लावलं.

सचिवांनी मग त्यांना सभासदत्वाचा अर्ज दिला. मित्रदेशांच्या फौजेत सेवा केलेल्यांनाही शाखेची दारं उघडी असतात, सेवेचा पुरावा लागतो. मामांचं डिस्चार्ज बुक गावाकडच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली मामीकडे, आणि मामी कीर्तनाला गेलेल्या. फोन लागला तेव्हा गावात दुपार होती. मामींनी आधी एवढंच विचारलं की तिथे काही घेतलं तर नाही ना.